खंडोबाचा घोडा: झाडावरच्या या शिकाऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तासगाव, पलूस, कराड, पाटण या भागातल्या शेतकऱ्यांकडून, शिक्षकांकडून आणि मुलांकडून या किड्याबद्दल सारखे तेच ते प्रश्न येतात. फोटो येतात, "हा कुठला नाकतोडा?" असं विचारलं जातं, आणि कधी कधी मारून झाल्यावर विचारलं जातं. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

खंडोबाचा घोडा म्हणतात तो हाच का?

हो, हाच. कोणी खंडोबाचा किडा म्हणतं, शाळेच्या पुस्तकात प्रार्थना कीटक म्हणतात, इंग्रजी माध्यमातली मुलं प्रेइंग मँटिस म्हणतात. तिकोनी डोकं, लांब मानेसारखा दिसणारा छातीचा पहिला भाग आणि दुमडून छातीशी धरलेले पुढचे दोन पाय दिसले की दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी.

हा एकच किडा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. जगात याच्या सुमारे 2400 जाती आहेत. आपल्याकडे झाडावर, वेलीवर, कुंपणाच्या मेंदीवर जो बोटभर लांब, धष्टपुष्ट हिरवा किडा सगळ्यात जास्त नजरेस पडतो तो बहुतेक वेळा हिरोडुला वंशातला असतो. या पानावरची बरीचशी माहिती त्याला धरून आहे.

हा नाकतोड्याच्या जातीतला आहे का?

नाही. दिसायला हिरवा आणि लांब एवढंच साम्य. याचं जवळचं नातं झुरळाशी आणि वाळवीशी आहे. ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं, पण नातं पक्कं आहे. झुरळाची मादीसुद्धा आपली अंडी एका पुडक्यात बंद करून ठेवते, हाही करतो.

नाकतोड्याचे मागचे पाय उडी मारण्यासाठी जाड असतात आणि तो पानं खातो. खंडोबाच्या घोड्याचे मागचे चारही पाय बारीक असतात, ताकद सगळी पुढच्या दोन पायांत, आणि तो पान कधीच खात नाही. बागेत पानं कुरतडलेली दिसली आणि शेजारी हा बसलेला असला, तरी कुरतडणारा वेगळा आहे. बहुतेक तो त्यालाच शोधत आलेला असतो.

कुठल्या झाडांवर सापडतो?

झाडाची जात त्याच्या दृष्टीने दुय्यम. दाट पालवी, बारीक डहाळ्या आणि त्या झाडावर येणारे किडे, एवढं असलं की तो राहतो. पेरू, शेवगा, लिंबू, कडीपत्ता, करंज, बाभूळ, अंगणातली जास्वंद, सगळीकडे पाहायला मिळतो. फुलोऱ्याच्या जवळ बसायला त्याला आवडतं, कारण माश्या, पतंग आपणहून तिथे येतात.

आंबा, चिंच यांच्या जुन्या खोडावर त्याचा एक वेगळा भाऊबंद असतो. चपटा, राखाडी-तपकिरी, अगदी सालीच्या रंगाचा. हा हंबर्टिएला. तुम्ही खोडाच्या एका बाजूने गेलात की तो झपकन धावत दुसऱ्या बाजूला जातो. फांदीवरचा हिरवा घोडा तासन्‌तास हलत नाही आणि खोडावरचा हा पळण्यात पटाईत. पुष्कळ लोक रोज त्याच चिंचेखाली बसतात आणि त्याला एकदाही पाहिलेलं नसतं.

कोरड्या माळरानावरच्या काटेरी झुडपात राहणारी आणखी एक जात आहे, गाँगिलस. काडीसारखी बारीक मान, आणि पायांना वाळक्या पानाचे तुकडे चिकटवल्यासारखे पापुद्रे. दक्षिण भारतातल्या कोरड्या भागातला हा किडा आहे. जत-आटपाडीकडच्या मित्रांनी बोरी-बाभळीच्या झुडपात डोळे उघडे ठेवावेत. सापडला तर त्याला हात न लावता आधी पोटभर बघा. आपल्या देशातल्या सगळ्यात देखण्या किड्यांपैकी हा एक आहे.

शिकार नेमकी कशी करतो?

दबा धरून. मागच्या चार पायांवर उभा राहतो, बहुतेक वेळा उलटा लटकलेला, आणि वाट बघतो. वारा आला की पानांबरोबर स्वतःही झुलतो, त्यामुळे तो हलला तरी पानच हललं असं वाटतं.

पुढचा पाय तीन भागांचा आहे असं धरून चला. खुब्याजवळचा भाग इतर किड्यांत अगदी आखूड असतो, याचा लांब आहे, म्हणून हात लांबवर पोचतो. पुढच्या दोन भागांच्या आतल्या कडांवर काटे आहेत, आणि ते दोन भाग अडकित्त्यासारखे एकमेकांवर मिटतात. सापडलेलं भक्ष्य त्या काट्यांत रुतून बसतं. झडप घालायला त्याला सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरा लागत नाही. डोळ्यांनी आपल्याला फक्त आधीचं आणि नंतरचं दिसतं.

विष नाही, डंख नाही. धरलेला किडा तो जिवंतपणीच खायला सुरुवात करतो. मुलांना हे पाहून धक्का बसतो. त्यांना सांगायला हरकत नाही की त्याच्याकडे मारण्याचं वेगळं हत्यारच नाही, धरणं आणि चावणं एवढंच आहे.

तो माझ्याकडे मान वळवून बघतो. खरंच बघतो का?

खरंच बघतो. डोकं दोन्ही बाजूंना जवळजवळ मागेपर्यंत वळवता येणं ही किड्यांमध्ये दुर्मीळ गोष्ट आहे. दोन मोठे संयुक्त डोळे आणि त्यांच्या मध्ये कपाळावर तीन लहान साधे डोळे, असे एकूण पाच.

डोळ्यातला काळा ठिपका मात्र बुबुळ नाही. संयुक्त डोळा हजारो छोट्या भिंगांचा बनलेला असतो. त्यातली जी भिंगं थेट तुमच्या दिशेने रोखलेली असतात, ती प्रकाश परत न फेकता शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. तुम्ही जागा बदलली की दुसरी भिंगं तुमच्या समोर येतात आणि ठिपका सरकल्याचा भास होतो. रात्री बॅटरी मारून पाहिलंत तर पूर्ण डोळा काळपट झालेला दिसेल. तो आजारी नसतो, अंधारात जास्त उजेड टिपण्यासाठी डोळ्यातला रंग सरकलेला असतो.

अंतर मोजण्याची त्याची पद्धत तर फार विलक्षण आहे. आपण दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या दोन किंचित वेगळ्या चित्रांवरून अंतर ओळखतो. किड्यांमध्ये ही क्षमता असल्याचं पक्कं माहीत आहे ते याच्यातच. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात शास्त्रज्ञांनी एका आफ्रिकी जातीच्या घोड्यांना मेणाने इवलेसे रंगीत चष्मे चिकटवले आणि पडद्यावर खोटं भक्ष्य फिरवलं. ते चित्र त्यांना जवळ तरंगत असल्यासारखं दिसलं आणि त्यांनी हवेतच झडप घातली. 2016 साली हे काम प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की त्याची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण स्थिर चित्रांची तुलना करतो, तो फक्त जिथे हालचाल होते तिथलं अंतर मोजतो. म्हणूनच मेलेली माशी पुढ्यात टाकली तर तो बहुधा बघतही नाही.

याला कान असतात का?

एक असतो. होय, एकच. छातीच्या खालच्या बाजूला, मागच्या पायांच्या मध्ये, एका खोल चिरेत. 1986 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. तोपर्यंत हा किडा बहिरा समजला जायचा.

एकाच कानामुळे आवाज कुठून आला हे त्याला कळत नाही, पण त्याला ते लागतही नाही. हा कान वटवाघळांच्या आवाजासाठी आहे, जो आपल्याला ऐकू येत नाही. रात्री उडताना तो आवाज कानी पडला की किडा वेडावाकडा वळतो किंवा सरळ जमिनीकडे झेपावतो. रात्री बहुतेक नर उडतात, मादी पोटाने जड असते, म्हणून चांगला कान बहुधा नराला. ज्या जातींत मादीचे पंख आखूड, तिथे तिचा कानही मंद.

मादी नराला खाते हे खरं आहे का?

खरं आहे, पण ज्या थाटात सांगितलं जातं तसं नाही.

आधी काचेच्या पेटीतलं सांगतो. पेटीत नराला पळायला जागा नसते, मादी उपाशी असते, वर दिवा लावून माणसं वाकून बघत असतात. अशा वेळी खाण्याचं प्रमाण खूप वाढतं. मादीचं पोट भरलेलं असेल आणि दोघांना मोकळी जागा असेल, तर पुष्कळ जोड्या बिनबोभाट वेगळ्या होतात. काही जातींत तर असा प्रकार क्वचितच घडतो.

नर काही मुकाट्याने मरायला जात नाही. मागून येतो, थांबत थांबत येतो, वाऱ्याने फांदी हलली की तेवढ्यात पुढे सरकतो. मादी त्याला भक्ष्य समजू नये, याची तो पुरेपूर काळजी घेतो.

डोकं गेल्यावरही नराचं मीलन चालू राहतं, हेही खरं. केनेथ रोडर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात याचं कारण दाखवलं. पोटाच्या हालचाली चालवणारी मज्जातंतूंची गाठ पोटातच असते आणि डोक्यातली एक गाठ तिला आवर घालते. डोकं गेलं की आवर सुटतो.

खाल्लेल्या नराचं पुढे काय होतं, तर त्याच्या अंगातलं पोषण मादीच्या अंड्यांत उतरतं. एका चिनी जातीत हे मोजून दाखवलं आहे. म्हणजे बाप मेला तरी तो पोरांच्या अंगी लागतो. मला यात क्रौर्यापेक्षा हिशोब जास्त दिसतो. ज्या मादीला अंड्यांसाठी पुरेसं अन्न मिळालेलं नाही, तीच शक्यतो हे करते.

फांदीवर वाळलेल्या फेसासारखा गोळा चिकटलेला आहे. ही कीड आहे का?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

तो बहुतेक खंडोबाच्या घोड्याच्या अंड्यांचं पुडकं आहे. मादी डहाळीवर, खोडावर, कधी भिंतीवर किंवा लोखंडी अँगलवर उलटी बसते आणि पोटाच्या टोकातून फेस सोडत सोडत त्यात अंडी ओळीने लावत जाते. फेस हवेने घट्ट होतो. बाहेरचा थर हवेने भरलेला असल्यामुळे ऊन, पाऊस आणि मार लागण्यापासून आतली अंडी वाचतात. हिरोडुलाच्या एका पुडक्यात शंभर ते दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी असतात.

ऊबदार, दमट हवेत साधारण महिना-दीड महिन्यात पिल्लं बाहेर येतात. सगळी जवळजवळ एकदमच. बारीक धाग्यांना लटकत बाहेर पडतात, पहिली कात तिथेच टाकतात आणि मग मुंगीएवढी पिल्लं पळत सुटतात. त्यातली बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मुंग्या, कोळी आणि आपल्याच भावंडांच्या तोंडी जातात. दोनशेतली दोन-चार मोठी झाली तरी त्यांच्या घराण्याला पुष्कळ आहे.

पुडक्याच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली, तर आत पोडॅग्रिऑन नावाच्या इवल्या गांधीलमाश्यांनी अंडी घातली होती असं समजा. त्यांच्या अळ्यांनी घोड्याची अंडी खाल्ली आणि त्या उडून गेल्या. असं पुडकंसुद्धा लगेच फेकू नका, सगळी अंडी गेलेली असतातच असं नाही.

आता द्राक्षबागवाल्यांसाठी. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबर छाटणीत जी काडी निघते ती पुष्कळ ठिकाणी गोळा करून जाळतात. त्या काड्यांवर ही पुडकी असतात. काडी पेटवण्याआधी ढिगावरून एकदा नजर फिरवा. पुडकं असलेला वीतभर तुकडा तोडून बांधावरच्या झाडाला सुतळीने बांधून टाका. उंचीवर, मुंग्यांच्या वाटेपासून दूर, पुडकं मूळ ज्या बाजूने लटकलं होतं त्याच बाजूने. खर्च शून्य आणि वेळ मजुरांच्या चहापाण्याच्या सुट्टीएवढासुद्धा लागत नाही. शेवग्याची, पेरूची छाटणी करतानाही हेच करा.

बागेत घोडे सोडले तर फवारणी बंद करता येईल का?

नाही. असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

हा किडा मिळेल ते खातो. मावा, तुडतुडे, अळ्या, पतंग, नाकतोडे तर खातोच, पण मधमाशी, फुलपाखरू आणि आपल्याच जातीची पिल्लंही खातो. एका किडीवर नेम धरून तिचा पाठलाग करणारा तो शिकारी नव्हे. शिवाय त्याच्या वर्षातून पिढ्या थोड्या होतात. मावा आठवड्यात दुप्पट-तिप्पट झाला म्हणून घोडे तसे वाढत नाहीत.

नेम धरून काम करणारे वेगळे आहेत. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस भुंगेरे, उसातल्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामा या इवल्या गांधीलमाशीची कार्डं, माव्यासाठी क्रायसोपा या मित्रकिडीच्या अळ्या. सांगलीकरांना याचा धडा घरच्याच शेतात मिळालेला आहे. 2002 साली महाराष्ट्रात उसावरचा पांढरा लोकरी मावा पहिल्यांदा सांगली जिल्ह्यात दिसला. ऊस काळा पडायला लागला, माणसं हवालदिल झाली, फवारण्या झाल्या. त्याला खरा लगाम घातला तो डिफा (आपल्याकडे कोनोबाथ्रा या जुन्या नावानेही ओळखतात) आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. जिथे त्या वाढल्या तिथे मावा आटोक्यात आला.

मग घोड्याचा उपयोग काय? तो बागेतल्या मोठ्या किड्यांवर सतत थोडा थोडा वचक ठेवतो, आणि बाग किती जिवंत आहे हे सांगतो. ज्या बांधावर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, तिथे ढालकिडे, कोळी, क्रायसोपाही टिकलेले असतात. सरसकट सगळं मारणारी औषधं, विशेषतः पायरेथ्रॉईड गटातली, पडली की आधी हे सगळे जातात आणि कीड मात्र लवकर परत येते. फवारणी करावी लागली तर करा, पण बांधावरची झाडं तरी भिजवू नका. ब्लोअरचं तोंड शेवटच्या ओळीत आत वळवणं अवघड नाही.

ऑनलाइन अंडी मिळतात. मागवू का?

नको. बाहेरची जात आणून सोडण्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. चिनी घोडा 1896 च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ दिसला आणि आज तिथे सगळीकडे पसरला आहे. हिरोडुलाच्या आशियातल्या जाती आता इटलीसारख्या देशांत पसरून तिथल्या मूळ जातींना त्रास देत आहेत. तुमच्या बांधावर आहेत तेच जपा.

तो चावतो का? गाईने वैरणीबरोबर खाल्ला तर?

विषारी नाही. जनावराला काही होत नाही. हातात घट्ट धरलात तर पुढच्या पायांचे काटे टोचतील, क्वचित चिमटा घेईल, इतकंच. अंगावर बसला तर हाताशेजारी काडी धरा, तो वरच्या दिशेने चढतो, आपोआप काडीवर जाईल.

पाण्याच्या टाकीत मेलेला घोडा आणि त्याच्याजवळ काळा लांब दोऱ्यासारखा किडा सापडला. हे काय?

तो केसकृमी. घोड्याच्या पोटात वाढतो, आणि पूर्ण वाढला की त्याला पाण्यात जायचं असतं, कारण त्याची अंडी पाण्यात घातली जातात. मग तो यजमानाचं वागणंच बदलतो. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये दाखवलं की केसकृमी असलेला हिरोडुला पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या प्रकाशाकडे ओढला जातो आणि उडी घेतो. झाड सोडून सहसा खाली न येणारा किडा स्वतःहून पाण्यात बुडतो. माणसाला किंवा गुरांना या कृमीपासून धोका नाही. काढून टाका आणि टाकी धुवा.

रोजच्या किड्यांखेरीज आणखी काय खातो?

पाल, लहान बेडूक, आणि जगात काही ठिकाणी चिमुकले पक्षीसुद्धा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 13 देशांतल्या पक्षी पकडल्याच्या 147 घटना गोळा केल्या होत्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेतल्या हमिंगबर्डच्या. आपल्या शेजारच्या कर्नाटकात तर एका गच्चीवरच्या छोट्या कुंडात एक नर हिरोडुला रोज संध्याकाळनंतर येऊन गप्पी मासे पकडत होता. पाच दिवसांत त्याने नऊ मासे खाल्ले. ही नोंद 2018 मध्ये छापून आली. एकच किडा पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो याचा अर्थ तो जागा लक्षात ठेवतो, आणि मला त्या बातमीत माशांपेक्षा हेच महत्त्वाचं वाटलं.

किती जगतो? पाय तुटला तर?

अंड्यातून निघाल्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने, हवा आणि खाणं यांवर अवलंबून. मधे सात-आठ वेळा कात टाकतो. पंख शेवटच्या कातीनंतरच येतात. नर त्यानंतर लवकर मरतो, मादी आणखी काही महिने काढते. पिल्लाचा तुटलेला पाय पुढच्या कातींमध्ये हळूहळू परत येतो. पंख आलेल्याचा येत नाही.

मुलांना वर्गात ठेवून बघायचा आहे. चालेल का?

थोडे दिवस चालेल. एका बरणीत एकच. बरणी किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंच हवी आणि वरच्या बाजूला जाळी हवी, कारण कात टाकताना तो उलटा लटकतो. जागा कमी पडली तर अंग वाकडं होऊन तो मरतो. खाणं जिवंत द्या, दिवसाआड पुरतं. पाणी वाटीत ठेवू नका, भिंतीवर फवारा मारा, तो थेंब पितो. कात टाकण्याआधी तो दोन-तीन दिवस खात नाही, तेव्हा बरणीतला नाकतोडा काढून घ्या, नाहीतर मऊ पडलेल्या घोड्यालाच तो कुरतडतो. निरीक्षण झालं की जिथून आणला त्याच झाडावर सोडा.

कधी आणि कुठे शोधायचा?

पिल्लं पावसाळ्याच्या सुरुवातीपासून, मोठे किडे भाद्रपद ते कार्तिक या दिवसांत जास्त. पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेला जाल तेव्हा तारळी नदीकाठच्या झाडांवर मोठे किडे कमी दिसतील, पुडकी मात्र पानगळीमुळे सहज नजरेत येतील. सागरेश्वरच्या डोंगरावर, चांदोली आणि कोयनेच्या बाजूच्या जंगलकाठावर जाती जास्त मिळतात. अभयारण्यात गेलात तर काहीही उचलून आणू नका.

घरच्या अंगणात शोधायचा तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा, फांदीच्या खालच्या बाजूने बघा. ओसरीच्या दिव्याकडे नर आपणहून येतात. ओळख पटवण्यासाठी फोटो पाठवणार असाल तर तीन बाजूंनी काढा: वरून पूर्ण शरीर, बाजूने मान, आणि पुढच्या पायाची आतली बाजू. हिरव्या घोड्यांच्या जाती बहुधा त्या आतल्या बाजूच्या काट्यांवरून आणि ठिपक्यांवरूनच वेगळ्या करता येतात. झाडाचं नाव आणि गावही लिहा.